पाण्यात अडणारी, पाणीच मोजणारी लहर

गोव्यात जूनचा पाऊस स्थिरावला की वस्तूंना आतून ओल धरायला लागते, आणि बाहेरून ती कळत नाही. फायबरच्या होडीचा वरचा थर चकचकीत असतो, पण त्याखाली पाणी शिरलेलं असतं. औषधाच्या गोळीचा रंग आणि आकार जसाच्या तसा राहतो, आतले स्फटिक मात्र पाणी धरून बदललेले असू शकतात. देवळाच्या किंवा इगर्जीच्या (चर्चच्या) भिंतीवरचा गिलावा धड दिसतो आणि बोटाने ठोकला की पोकळ वाजतो. खात्री करून घ्यायची तर होडीला भोक पाडावं लागतं, गोळी विरघळवावी लागते, गिलावा खरवडावा लागतो. तपासणी होते, पण तपासलेली वस्तू उरत नाही.

न फोडता आत बघण्याची जी साधनं आहेत, त्यांत गेल्या तीसेक वर्षांत टेराहर्ट्झ लहरींची भर पडली आहे. या लहरींचं सगळं बळ आणि सगळी मर्यादा एकाच गोष्टीशी येऊन थांबते, ती म्हणजे पाणी. म्हणूनच दमट हवेच्या आपल्या किनारपट्टीने त्यांच्याकडे नीट लक्ष द्यावं असं मला मनापासून वाटतं.

मोबाइलच्या लहरी आणि टीव्हीच्या रिमोटमधला अवरक्त प्रकाश यांच्यामध्ये हा पट्टा येतो, ढोबळमानाने 0.1 ते 10 टेराहर्ट्झ. एक टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी कंपनं. अशा लहरीची लांबी 0.3 मिलिमीटर भरते. कागद, कापड, प्लॅस्टिक, फोम, चिनीमाती, कोरडं लाकूड यांतून ती आरपार जाते. धातूवरून ती परतते. पाण्यात ती बुडते, आणि किती बुडावी? एक मिलिमीटर पाण्यातून एक टेराहर्ट्झच्या लहरीच्या ऊर्जेचा अब्जावा हिस्साही पलीकडे पोचत नाही. क्ष-किरणांच्या एका कणाची जी ऊर्जा असते, तिच्या सुमारे एक कोटीव्या हिश्श्याएवढी ऊर्जा इथल्या एका कणात असते. त्यामुळे अणूतले इलेक्ट्रॉन उखडून टाकण्याची ताकद या लहरींत नाही. तपासणाऱ्या माणसाला शिशाचा अंगरखा घालावा लागत नाही, आणि तपासल्यामुळे औषधही बिघडत नाही.

हा पट्टा कुणाला माहीत नव्हता असं नाही. जगदीशचंद्र बोस यांनी 1890च्या दशकात कोलकात्यात 5 मिलिमीटर लांबीच्या लहरी तयार करून त्यांचे गुणधर्म तपासले होते, म्हणजे ते या पट्ट्याच्या उंबरठ्यावरच उभे होते. त्यापुढे मात्र गाडी फार काळ अडली. रेडिओकडून यावं तर इलेक्ट्रॉनिक मंडलांना इतक्या वेगाने कंपनं करता येत नाहीत. प्रकाशाकडून यावं तर या लहरींच्या कणांची ऊर्जा इतकी कमी असते की खोलीच्या साध्या उष्णतेतच तो संकेत हरवतो, कारण नेहमीच्या तापमानालाही प्रत्येक वस्तू या पट्ट्यात स्वतःहून प्रारण सोडत असते.

यातून वाट काढली ती अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या डेव्हिड ऑस्टन यांच्या प्रकाशाने चालणाऱ्या स्विचने. गॅलियम आर्सेनाइडसारख्या अर्धवाहकावर दोन धातूच्या पट्ट्या बसवायच्या, त्यांच्यात विद्युतदाब ठेवायचा आणि मधल्या फटीवर लेसरचा अतिशय आखूड झोत मारायचा, फेम्टोसेकंदांत मोजावा इतका (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग). फटीत क्षणभर प्रवाह उसळतो आणि विझतो, आणि त्या उसळीतून टेराहर्ट्झ लहरीचा एक स्पंद बाहेर पडतो. खरी हुशारी पुढे आहे. त्याच लेसरच्या झोताचा दुसरा वाटा ग्राहकाकडे पाठवतात. ग्राहक फक्त त्या झोताच्या क्षणापुरताच जागा होतो, त्यामुळे खोलीच्या उष्णतेचा एरवीचा गोंधळ त्याला ऐकूच येत नाही. 1980च्या दशकात हे तंत्र रुळलं. 1995 साली बेल प्रयोगशाळेतच बिनबिन हू आणि मार्टिन नस यांनी त्यातून पहिली चित्रं काढून दाखवली. एक चित्र होतं प्लॅस्टिकच्या वेष्टणातल्या चिपचं. दुसरं होतं झाडाच्या पानाचं, आधी ताजं असताना आणि मग दोन दिवसांनी सुकल्यावर. पानात पाणी कुठे आहे आणि कुठून कमी झालं, ते त्या चित्रात सरळ दिसत होतं. जे पाणी लहरीला अडवतं, तेच चित्राची शाई झालं होतं.

चित्र काढण्यापेक्षाही मोलाचं काम म्हणजे थर मोजणं. सोनोग्राफीत आवाजाची लहर आत जाते आणि प्रत्येक पडद्यावरून थोडी थोडी परत येते. इथे तेच काम टेराहर्ट्झचा स्पंद करतो. समजा 100 मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे साधारण जाड कागदाएवढा थर आहे आणि त्याचा अपवर्तनांक, म्हणजे हवेच्या मानाने लहर त्यात किती पट मंदावते तो आकडा, 1.5 आहे. वरच्या पृष्ठभागावरून परतलेला स्पंद आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेला स्पंद यांत बरोबर एक पिकोसेकंदाचं, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाचं अंतर पडतं. हे अंतर आजची यंत्रं सहज मोजतात. गंमत अशी की आडव्या दिशेने या लहरीला आपल्या लांबीपेक्षा फार बारीक दिसत नाही, पण थरात आत उतरणाऱ्या दिशेने, वेळ मोजून, ती काही दशक मायक्रोमीटरपर्यंत उतरते.

आता वेर्णे आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतींत जाऊ, कारण गोव्यातला औषधनिर्मितीचा व्यवसाय मोठा आहे आणि टेराहर्ट्झचा कारखान्यातला सर्वांत पक्का उपयोग याच व्यवसायात झाला आहे. अनेक गोळ्यांवर पातळ लेप असतो. पोटातल्या आम्लात गोळी फुटू नये, आतड्यात गेल्यावरच औषध सुटावं, किंवा बारा तास थोडं थोडं सुटत राहावं, हे सगळं त्या लेपाच्या जाडीवर ठरतं. नेहमीची चाचणी म्हणजे काही गोळ्या द्रवात टाकून औषध किती वेळात सुटतं ते बघायचं. त्या गोळ्या गेल्या, आणि उरलेल्या लाखो गोळ्यांबद्दल अंदाजच. टेराहर्ट्झचा स्पंद मात्र गोळीच्या सगळ्या बाजूंनी फिरून लेपाचा नकाशा काढतो. कडेला लेप पातळ झाला आहे, एका बाजूला तो सुटून आत पोकळी राहिली आहे, हे गोळी न फोडता कळतं. साधारण 40 मायक्रोमीटरच्या वरचे थर नीट मोजता येतात. त्याहून पातळ लेपांसाठी दुसरी तंत्रं बरी. जपानच्या तोशिबा कंपनीच्या केंब्रिजमधल्या प्रयोगशाळेतून 2001 साली टेराव्ह्यू ही कंपनी वेगळी झाली आणि तिने अशी यंत्रं बाजारात आणली.

लेपाच्या आतली गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. एकाच औषधाचे रेणू वेगवेगळ्या प्रकारे रचले गेले की वेगवेगळे स्फटिक बनतात. रसायन तेच, पण विरघळण्याचा वेग निराळा. एचआयव्हीवरच्या रिटोनाविरच्या कॅप्सूल 1998 साली बाजारातून मागे घ्याव्या लागल्या त्या याच कारणाने: कारखान्यात अचानक एक नवीन, कमी विरघळणारं स्फटिकरूप तयार व्हायला लागलं होतं. टेराहर्ट्झच्या पट्ट्यात रेणूंची स्फटिकातली सामुदायिक कंपनं येतात, त्यामुळे प्रत्येक स्फटिकरूपाची शोषणाची खूण वेगळी उमटते. गोळ्यांत भर म्हणून सर्रास वापरलं जाणारं लॅक्टोज घ्या. ज्या लॅक्टोजच्या स्फटिकात पाण्याचे रेणू बसलेले असतात, ते 0.53 टेराहर्ट्झला ठळक शोषण दाखवतं. बिनपाण्याच्या लॅक्टोजमध्ये ती खूण नसते. अपस्मारावरच्या कार्बामॅझेपिनचंही तसंच आहे. दमट हवेत ठेवलं तर त्याचे स्फटिक पाणी धरतात, गोळी कडक होते आणि औषध हळू सुटतं. ज्या रुग्णाची फीट थांबणं त्या गोळीवर अवलंबून आहे, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. जुलैतल्या हवेत उघडी बाटली स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने हे लक्षात घ्यावं.

होड्यांकडे वळू. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि मालिमच्या धक्क्यापासून कुटबणच्या धक्क्यापर्यंत दुरुस्तीची कामं निघतात. फायबरच्या होडीचं दुखणं ठरलेलं आहे. वरच्या गुळगुळीत थरातून पाणी हळूहळू आत झिरपतं, आतली विरघळणारी द्रव्यं त्यात मिसळतात, दाब वाढतो आणि शेवटी फोड येतात. फोड दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. काचेच्या तंतूंच्या त्या थरांतून टेराहर्ट्झ लहर काही मिलिमीटर आत जाते. थर जिथे सुटे झालेत तिथून जादा स्पंद परत येतो, आणि पाणी साठलं असेल तिथली खूण वेगळीच असते. पण अंगभर ओली झालेली होडी तपासता येत नाही, ती आधी सुकवावीच लागते. आणि कार्बनच्या तंतूंचं काम असेल तर हे साधन बाजूला ठेवावं, कारण कार्बन वीज वाहून नेतो आणि लहर परतवतो. पोलादी जहाजांच्या रंगासाठी मात्र ते उत्तम आहे. नेहमीचं चुंबकीय मापक रंगाची एकूण जाडी सांगतं. टेराहर्ट्झ खालचा प्रायमर किती, मधला थर किती आणि वरचा शेवाळ-शिंपले अडवणारा थर किती, हे वेगवेगळं सांगू शकतं.

फोमबद्दल एकच उदाहरण देतो, आणि ते जड मनाने. 1 फेब्रुवारी 2003 रोजी कोलंबिया यान कोसळलं आणि कल्पना चावला यांच्यासह सात जण गेले. उड्डाणाच्या वेळी बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून पंखावर आदळला होता. फोममध्ये हवाच जास्त असल्याने ध्वनिलहर त्यात लगेच विरून जाते आणि साध्या क्ष-किरणांना त्यात धरायला काही सापडत नाही. टेराहर्ट्झ लहर मात्र फोममधून जाते, खालच्या ॲल्युमिनियमवरून परतते आणि वाटेतल्या पोकळ्या दाखवते. त्या अपघातानंतर नासाने टाकीवरच्या फोमच्या तपासणीसाठी हे तंत्र हाती घेतलं.

जुन्या गोव्यातल्या पुरातत्त्व संग्रहालयात पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची लाकडी फळ्यांवरची चित्रं आहेत. त्या वेळचा गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याने 1547 साली ही मालिका सुरू करवली. दमट हवेने ती खराब होत गेली, आणि प्रत्येक डागडुजीत जुन्या रंगावर नवा रंग चढत गेला. अशा चित्रांत आज दिसणारा चेहरा नेमक्या कोणत्या शतकातला, हा खरा प्रश्न असतो. इटलीत जोत्तो या जुन्या चित्रकाराच्या चित्राचे रंग आणि त्याखालचा लेप यांचे थर टेराहर्ट्झने वाचले गेले आहेत. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गिलाव्याच्या थराखाली पेन्सिलीने काढलेलं फुलपाखरू दिसून आलं. वर्षानुवर्षं चुन्याची सफेदी मारलेल्या आपल्या देवळांच्या भिंतींखाली लाल कावीची नक्षी कुठे दडली असेल, ते शोधायला हे साधन वापरून बघावं असं मला फार वाटतं. भिंत मात्र मार्च-एप्रिलमध्येच तपासावी. पावसाळ्यात चिऱ्याची भिंत पाण्याने इतकी भरलेली असते की लहरीला आत शिरायलाच जागा उरत नाही.

मूळचे नाशिकचे रमेश रासकर आणि त्यांच्या अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या सहकाऱ्यांनी 2016 साली याच वेळेच्या हिशेबाने बंद पुस्तक वाचून दाखवलं होतं. एकावर एक ठेवलेल्या कागदांपैकी वरच्या नऊ पानांवरची अक्षरं पुस्तक न उघडता ओळखता आली. पानांमध्ये जी हवेची बारीक फट असते, तिथून परतणारा स्पंद प्रत्येक पान वेगळं करतो. वाळवी लागलेली, पानं एकमेकांना चिकटलेली जुनी दप्तरं ज्यांनी हाताळली आहेत त्यांना या प्रयोगाचं मोल सांगायला नको. पण चिकटलेल्या पानांत ती फटच नसते, ही अडचण अजून आहे.

भिंतीपलीकडचं दिसणारा कॅमेरा, शरीराच्या आतलं दाखवणारं यंत्र, अशा बातम्या अधूनमधून येतात; त्या बाजूला ठेवाव्यात. माणसाच्या शरीरात पाणीच पाणी, त्यामुळे लहर त्वचेच्या पलीकडे जात नाही. त्वचेच्या कर्करोगाची कड शोधण्यासाठी तिचा उपयोग व्हावा म्हणून प्रयत्न झाले आहेत, कारण रोगट पेशींत पाण्याचं प्रमाण वेगळं असतं. टपालाच्या पाकिटातली अमली पदार्थांची भुकटी उघडल्याशिवाय ओळखणं मात्र जपानमध्ये 2003 सालीच करून दाखवलं गेलं.

हवेतली वाफही याच खेळात आहे. 0.557, 0.752, 0.988 टेराहर्ट्झ अशा ठरावीक ठिकाणी ती लहर शोषून घेते. म्हणून प्रयोगशाळेत यंत्र एका पेटीत बंद करून आत कोरडी हवा किंवा नायट्रोजन सोडतात. वेर्ण्याच्या कारखान्यात किंवा मालिमच्या धक्क्यावर अशी पेटी सगळीकडे नेता येणार नाही. तिथे यंत्राचं तोंड वस्तूच्या अगदी जवळ आणायचं, म्हणजे हवेतला प्रवास काही सेंटिमीटरचाच राहील. आणि वाफेच्या दोन खुणांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यांत मोजायचं. मोजताना त्या दिवशीची आर्द्रता टिपून ठेवायची, कारण ऑगस्टमधलं माप आणि जानेवारीतलं माप त्याशिवाय शेजारी ठेवून ताडता येत नाही.