डाउनलोड संपल्यावर टर्मिनल विंडोनं काय करावं? थोडी पार्श्वभूमी

कागदावर छापणाऱ्या टेलिटाइपवर हा प्रश्नच नव्हता, छापलेलं समोर राहायचं आणि लक्ष वेधायला घंटा वाजवता यायची. ती घंटा आस्की या अक्षरांच्या कोडमधलं ७ नंबरचं कॅरेक्टर म्हणून आजही टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या विंडोत, आहे.

भानगड सुरू झाली ती विंडो आल्यावर. शेलमधून (कमांड घेऊन चालवणारा प्रोग्राम) डाउनलोड लावलं तर संपल्यावर प्रॉम्प्ट, म्हणजे पुढची कमांड टाइप करायची जागा, परत येतो, विंडो जागच्या जागी. पण आयकॉनवर क्लिक करून नवीन विंडोत थेट तीच कमांड चालवली की काम संपताक्षणी विंडो गायब, आणि फाईल नीट आली की अर्धवट राहिली ते सांगणारी शेवटची ओळपण तिच्यासोबत गेली. म्हणून एक्सटर्म या टर्मिनलमध्ये होल्डचा (विंडो उघडी धरून ठेवायचा) ऑप्शन आला, ग्नोम टर्मिनलमध्ये बंद करा, उघडी ठेवा किंवा कमांड परत चालवा असे पर्याय आले आणि विंडोजवाल्यांना बॅच फाईलच्या (कमांडच्या यादीच्या) शेवटी पॉज, म्हणजे कळ दाबेपर्यंत थांब, असं लिहायची सवय लागली.

मग मधला मार्ग निघाला, एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना परत करतो तो आकडा, शून्य म्हणजे सगळं ठीक) शून्य असेल तर विंडो बंद, नाहीतर उघडी. मॅकच्या टर्मिनलमध्ये तो आहे, विंडोज टर्मिनलमध्ये ग्रेसफुल नावानं आहे. ऐकायला एकदम बरोबर वाटतं, पण सगळा घोळ त्या शून्यात आहे. १९९८ पासूनचं कर्ल हे डाउनलोडचं टूल घ्या. सर्व्हरनं ४०४ (फाईल सापडली नाही) दिलं तरी ते शून्यच परत करतं, कारण त्याच्या हिशोबानं सर्व्हरनं जे पाठवलं ते नीट पोचलं, मग झिप नावाच्या फाईलमध्ये एरर पेज का असेना. मायनस एफसारखा ऑप्शन दिला तरच २२ येतो. डब्ल्यूगेट हे तसंच दुसरं टूल मात्र त्याच ४०४ ला ८ देतं (२००९ च्या १.१२ व्हर्जनपासून). म्हणजे लिंक तीच, सेटिंग तेच, पण एक विंडो बंद होते आणि दुसरी उघडी राहते! माझ्या मते म्हणूनच डीफॉल्टला विंडो उघडीच ठेवावी, ज्याला बंद हवी त्यानं सेटिंग बदलावं. डब्ल्यूगेटची शेवटची ओळ, वेळ, स्पीड, फाईलचं नाव आणि कंसात आलेले बाइट, तिरकी रेघ, एकूण बाइट, ही वाचण्यासाठीच असते ना.

उलट्या बाजूनंही सोय आहे, डाउनलोड चालू असताना विंडोच बंद केली तर डब्ल्यूगेट बॅकग्राउंडला जाऊन काम चालू ठेवतं आणि पुढचं सगळं लॉग फाईलमध्ये लिहितं. अलीकडे काही टर्मिनल प्रोग्रेस टास्कबारच्या आयकॉनवर दाखवतात, त्यासाठी प्रोग्रामनं एक एस्केप सीक्वेन्स (टर्मिनलला हुकूम देणारी खास अक्षरं) पाठवला की झालं, विंडो मिनिमाइज असली तरी कळतं.