परमिशन वेगळी, पास वेगळा: सरपणवाल्यांचा नेहमीचा घोळ

गोव्यात कुठल्याही सरकारी कागदाला एकच नाव आहे, परमिशन. घर बांधायला परमिशन, मांडव घालायला परमिशन, झाड पाडायलाही परमिशन. मग त्या झाडाचं जळण टेम्पोत भरून निघालं आणि नाक्यावर कोणी हात दाखवला, की ड्रायव्हर "परमिशन आसा मरे!" म्हणत खिडकीतून जो कागद काढतो, तो नेमका चुकीचा असतो. माझ्या मेव्हण्याची फोंड्याच्या बाजूला जळाऊ लाकडाची लहानशी वखार आहे आणि तिचे कागद मी सांभाळतो. हा प्रकार इतक्यांदा पाहिलाय की आता नियमांपेक्षा त्या एका शब्दाचाच जास्त राग येतो.

झाड तोडण्याचा परवाना सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा त्याबद्दल मी थोडक्यात उरकतो. 1984 चा गोवा, दमण व दीव वृक्ष संरक्षण कायदा. भाट, म्हणजे बागायत, तुमचं असो, झाड आजोबांनी लावलेलं असो, वृक्ष अधिकाऱ्याने हो म्हटल्याशिवाय कुऱ्हाड लावायची नाही. अर्ज करा, जमिनीचा उतारा जोडा, पाहणीला माणूस येतो. 2016 मध्ये माडाला 'वृक्ष' या व्याख्येतून बाहेर काढलं तेव्हा केवढा गदारोळ उठला होता, तो याच कायद्यावरून. एवढं पुरे.

पासाचं, म्हणजे लाकूड नेण्याच्या कागदाचं, मूळ दुसरीकडे आहे. 1927 च्या भारतीय वन कायद्याच्या कलम 41 खाली राज्यांनी वनोपजाच्या वाहतुकीचे नियम केलेत, पास त्यातला. आणि लोक अडखळतात ते इथे: परवाना झाडाचा असतो, पास खेपेचा. परवान्यावर सर्व्हे नंबर असतो, कुठली झाडं आणि किती, ते असतं. झाडं आडवी झाली की त्या कागदाचं काम संपलं. ते लाकूड मंगळवारी कुठल्या गाडीतून कुठे चाललंय, याबद्दल तो अवाक्षर बोलत नाही. पास बोलतो तेच. माल कसला, किती, कुठून कुठे, गाडीचा नंबर काय, कुठल्या तारखेपर्यंत. एका परवान्यावर बारा झाडं पडली आणि पाच खेपा झाल्या, तर कागद सहा लागतात. परवान्याची झेरॉक्स पाच ड्रायव्हरांच्या हातात दिली म्हणजे पाच पास झाले, असं समजणारे कंत्राटदार मी पाहिलेत. त्यातले दोघे वीस वर्षं या धंद्यात आहेत.

मोठ्या कंत्राटदाराला याचं फारसं काही वाटत नाही, कारण तोडणाराही तोच आणि नेणाराही तोच. एक कागद कमी पडला तर दुसरा आणून दाखवतो. मरण वखारवाल्याचं. तो झाड तोडत नाही, म्हणून त्याच्या नावावर परवाना कधी नसतोच. त्याच्याकडे येतो तो टेम्पो आणि शब्द. वन कायद्याचं कलम 69 काय म्हणतं ते प्रत्येक वखारवाल्याने एकदा वाचावं: कारवाई सुरू असताना वनोपज सरकारचं आहे की नाही असा प्रश्न निघाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचंच धरायचं. म्हणजे अंगणातली रास तुमची आहे, हे दाखवायचं तुम्ही. ती कुठल्या भाटातून आली हे सांगणारा, तुमच्या हातात राहू शकणारा एकमेव कागद म्हणजे पास. त्यामुळे माल उतरल्यावर पास चुलीत घालणाऱ्यांना मी सरळ मूर्ख म्हणतो.

"पण हे लाकूड कुठे, हे तर जळण!" हा दुसरा लाडका युक्तिवाद. आपल्या बोलण्यात इमारती लाकूड वेगळं, सरपण वेगळं. सागाच्या वाशाला कागद लागणार, काजूच्या ढलप्याला कशाला? कायद्याला ही वाटणी मान्य नाही. वन कायद्याच्या कलम 2 मधल्या 'लाकूड' या व्याख्येत पडलेली झाडं आली, पाडलेली आली, आणि सगळं लाकूड आलं, कापलेलं असो, घडवलेलं असो, पोखरलेलं असो की नसो. वर हे लाकूड आणि कोळसा जंगलातून आले असोत वा नसोत, दोन्ही वनोपजच. पावसात आपोआप कोसळलेला आंबासुद्धा यातून सुटत नाही. जीएसटीवाले आणखी वेगळा सूर लावतात: सरपणावर कर नाही, ई-वे बिल नाही, मग पास कसला? करखात्याचा आणि वनखात्याचा संबंध नाही, संपलं.

सूट मिळालेल्या जाती असतात, हे खरं. पण तोडायची सूट आणि न्यायची सूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीत नाव आहे म्हणून दुसरीतही असेल असं धरू नका. रेंज ऑफिसात जातीचं नाव सांगून दोन्ही विचारा. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने देशभरासाठी ऑनलाइन पासाची व्यवस्था सुरू केली, तिच्यातसुद्धा सूट असलेल्या जातींचं ना-हरकत प्रमाणपत्र आपलं आपण काढायचं असतं. सूट म्हणजे रिकाम्या हाताने फिरणं नव्हे.

पास असला तरी तो वाचावा लागतो. दोन वर्षांपूर्वी सत्तरीतून मेव्हण्याने काजूचा एक टेम्पो घेतला. पास होता, तारीख बरोबर, नंबर बरोबर. नाक्यावर गार्डाने वरचे चार ओंडके बाजूला केले, खालच्या एकावर कोयतीने साल खरवडली आणि आतला पिवळाधमक गाभा दाखवून विचारलं, "हा काजू?" फणस होता. कंत्राटदाराने तळाला सरकवलेला. टेम्पो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथेच उभा, आणि वर फणस कुठून आला हे सांगायची वेळ, ज्याने तो कधी पाहिलाही नव्हता त्याच्यावर. पुढचा महिनाभर त्या गार्डाला आमच्या घरात शिव्या बसल्या. मला विचाराल तर त्याने त्याचं काम केलं.

मापाचा घोळही असाच. कागदावर घनमीटर, कंत्राटदाराकडे टेम्पोभर, आणि पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, द्यायचं किलोवर. रचलेल्या राशीत ओंडक्यांच्या मधे बरीच हवा असते, आणि ओलं काजूचं लाकूड दोन महिन्यांत किती हलकं होतं ते उचलणाऱ्यालाच ठाऊक. वजनावरून घनमीटर काढायला गेलात तर फसाल. राशीची लांबी, रुंदी, उंची उतरवतानाच टेपने मोजा आणि पासाच्याच मागे लिहा.

डोक्यावरच्या मोळीचं काय, असं कोणी ना कोणी विचारतंच. घरच्या चुलीसाठी भाटातल्या वाळक्या काटक्या आणि चुडतां, म्हणजे माडाच्या झावळ्या, गोळा करणाऱ्या बाईशी वरच्या कशाचाच संबंध नाही. तिने ती अभयारण्यातून आणली तर मात्र वन्यजीव कायदा आला, आणि तिथे मोळी लहान की मोठी हे नंतर.

मेव्हणा आता पास सळईला टोचून ठेवतो. मागे पेन्सिलीने कोणाला किती गेलं ते: एक रास पोदेर, अर्धी स्मशान समिती, उरलेली काजूची दारू गाळणाऱ्या भाटीवाल्याला, कारण मार्चपासून हुर्राकाचे, म्हणजे त्या दारूच्या पहिल्या धारेचे, दिवस. रास संपली की खाली रेघ. आणि माल भरताना कोयती घेऊन टेम्पोवर तो स्वतः चढतो, कंत्राटदार कितीही चिडला तरी.