तराईचे दिवस वेगळे, वाळण्याचे दिवस वेगळे

अक्षय तृतीया आली की नागपुरात घरोघरी कामं निघतात. मानेवाडा, नंदनवन, प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, कुठेही जा. जुन्या प्लॉटवरच्या बैठ्या घरांवर मजला चढत असतो, स्वयंपाकघर मोठं होत असतं, मागच्या अंगणातलं न्हाणीघर आत येत असतं. आणि कुटुंब त्याच घरात राहत असतं. गॅस समोरच्या खोलीत, डबे दिवाणाखाली, आजींचा पलंग खिडकीपासून सरकवून कोपऱ्यात, पोरांची दप्तरं फ्रिजवर. अशा प्रत्येक घरात एक प्रश्न रोज ऐकू येतो: "मिस्त्रीभाऊ, वाळलं का?" आणि मिस्त्रीही म्हणतो, "वाळून राहिलं काकू, दोन दिवसांत पुट्टी लावून देतो."

पहिले दहा-पंधरा दिवस ते वाळायलाच नको आहे. नवं प्लास्टर, नवा स्लॅब, नवा कोबा आधी पक्का व्हायचा असतो आणि त्यासाठी ओला राहायचा असतो. वाळण्याची पाळी त्यानंतर येते. एकामागून एक येणाऱ्या या दोन गोष्टी लोक एकच समजतात, त्यामुळे पहिलीही बिघडते आणि दुसरीही. शिकलेल्या, हिशेबी, पै-पै विचारून खर्च करणाऱ्या घरांतही हेच पाहते, म्हणून एकदा नीट लिहिते.

वाळणं काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कपडे वाळतात, कुरडया वाळतात, मातीची भिंत वाळते. पाणी उडून जातं आणि वस्तू कडक होते. फॉल्स सीलिंगचं पीओपी अर्ध्या तासात घट्ट होतं आणि मग उरलेलं पाणी सोडून पांढरं होतं, त्यामुळे सिमेंटचंही तसंच असेल असं वाटतं.

सिमेंटचं तसं नाही. सिमेंट पाण्याशी रासायनिक क्रिया करून घट्ट होतं. त्या क्रियेतून सूक्ष्म कणांचं एक घट्ट जाळं तयार होतं, तेच रेतीला आणि गिट्टीला धरून ठेवतं, आणि पाण्याचा मोठा भाग त्या जाळ्यात कायमचा बांधला जातो. म्हणून तर नदीत ओतलेला पुलाचा पाया पाण्याखालीच दगडासारखा होतो, त्याला कोणी वाळवत नाही. ही क्रिया तासांत संपत नाही. काँक्रीटची ताकद 28 दिवसांच्या हिशेबाने मोजतात आणि पहिल्या 7 दिवसांत त्यातली साधारण दोन तृतीयांश येते. तेवढ्यात पाणी आटलं, आतल्या बारीक छिद्रांतली आर्द्रता साधारण 80 टक्क्यांच्या खाली गेली, की क्रिया जवळजवळ थांबते. भात अर्धा शिजलेला असताना पातेल्यातलं पाणी आटावं तसं होतं: दाणा वरून मऊ दिसतो आणि आत कच्चा राहतो. मागाहून पाणी मारलं तर थोडं सुधारतं, पण गेलेली सगळी ताकद परत येत नाही.

नवं पाणी देत राहण्याच्या या कामाला आपल्याकडे तराई म्हणतात. बहुतेक ठेक्यांत पाणी मालकाचं आणि तराईही मालकाची असते. म्हणजे ती घरातल्या बाईकडे येते, किंवा निवृत्त झालेल्या बाबांकडे. ज्याच्यावर हे काम पडतं त्याला ते का करायचं हे कोणीच सांगत नाही, म्हणून सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा पाइप फिरवला की झालं असं समजतात. नागपूरच्या उन्हाळ्यात तेवढ्याने काहीच होत नाही. मे महिन्यात दुपारी दोनला पश्चिमेच्या नव्या भिंतीवर पाणी मारून तिथेच उभं राहून बघा. भिंत आधी चर्र आवाज करत पाणी पिते, गडद करडी होते, आणि तुमच्या डोळ्यांदेखत वरच्या कोपऱ्यापासून राखाडी व्हायला लागते. पाव तासात निम्मी भिंत कोरडी. 23 मे 2013 ला या शहरात 47.9 अंश तापमान नोंदलं गेलं आहे, आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, हवा इतकी कोरडी असते की ओला टॉवेल बादलीपासून दोरीपर्यंत नेताना हलका होतो. अशा हवेत दोन वेळचं पाणी म्हणजे मधले सगळे तास क्रिया बंद.

भारतीय मानक 456 मध्ये याचे आकडे स्पष्ट आहेत. साध्या ओपीसी सिमेंटच्या काँक्रीटला किमान 7 दिवस सतत ओलं ठेवायचं, कोरड्या आणि उष्ण हवेत किमान 10 दिवस. राखमिश्रित सिमेंट असेल तर किमान 10 आणि शिफारस 14 दिवसांची. प्लास्टरचा आकडा या मानकात नाही, पण तेही किमान 7 दिवस ओलं ठेवायचं. या सगळ्यात "सतत" हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्या दुकानांत मिळणारं बरंचसं सिमेंट पीपीसी असतं, म्हणजे त्यात औष्णिक वीज केंद्राची राख असते. कोराडी आणि खापरखेड्याच्या शेजारी राहणाऱ्यांना राख म्हणजे काय हे सांगायला नको. ही राख सिमेंटच्या क्रियेतून सुटणाऱ्या चुन्याशी सावकाश जुळते, म्हणून पीपीसीला जास्त दिवस पाणी लागतं. पोतं वाचून घ्या, पीपीसी लिहिलं असेल तर 14 दिवस धरा. यात घासाघीस करू नका.

स्लॅबवर सिमेंट-रेतीच्या मसाल्याचे छोटे वाफे घालून दोन बोटं पाणी साठवून ठेवावं. खांबांना ओलं बारदान सुतळीने गुंडाळावं आणि ते कडक व्हायच्या आत पुन्हा भिजवावं. भिंतीवरही बारदान लटकवता येतं, खिळे छताच्या कडेला. निदान उन्हाच्या बाजूला हिरवी जाळी लावावी. हे एवढं केलं की पाइप घेऊन दिवसभर उभं राहावं लागत नाही.

आता पाण्याचीच दुसरी गल्लत, आणि याने मला सर्वांत जास्त त्रास होतो. जे मिस्त्री तराईचं पाणी वाचवतात तेच माल कालवताना घमेल्यामागून घमेलं पाणी ओततात, कारण पातळ माल पसरायला सोपा. कालवताना घातलेलं जास्तीचं पाणी काँक्रीट कमजोर करतं, कारण ते नंतर निघून जातं आणि मागे पोकळ्या ठेवतं. घट्ट झाल्यावर बाहेरून दिलेलं पाणी ताकद वाढवतं. एम-20 या दर्जाच्या काँक्रीटच्या ठरावीक मिश्रणात 50 किलोच्या एका पोत्याला जास्तीत जास्त 30 लिटर पाणी, असं त्याच मानकात आहे. मोजायला रंगाचा 20 लिटरचा रिकामा डबा पुरतो. स्लॅबच्या दिवशी घरातल्या कोणीतरी मिक्सरजवळ तो डबा घेऊन उभं राहावं, जेवणाची व्यवस्था दुसरं कोणी बघेल.

घरात राहणाऱ्यांसाठी खरा मुद्दा पुढे आहे. तराईच्या दिवसांत जे करायचं ते वाळण्याच्या दिवसांत करायचं नाही, आणि उलट.

तराईच्या दिवसांत त्या खोलीची दारं-खिडक्या बंद ठेवा, नसतील तर पडदा, ताडपत्री काहीतरी लावा. लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा, आत आली नाही पाहिजे. टेबल फॅन लावून नवा कोबा "लवकर वाळवणं" हा तर गुन्हाच आहे. वरचा थर आधी आकसतो, खालचा नाही, आणि केसाएवढ्या भेगांची जाळी पडते. महिनाभराने त्या फरशीवरून हात फिरवला की भुकटी हाताला लागते आणि रोज झाडूनही धूळ संपत नाही. मग त्या घरातल्या आजींचा खोकला दवाखान्यात जातो. कुलरचा झोतही नव्या भिंतीवर थेट सोडू नका. हवा दमट असली तरी वारा ओल ओढून नेतोच.

याच दिवसांत घर निसरडं असतं. वयस्कर माणसांची संडासला जायची वाट तराईच्या खोलीतून जात असेल तर काही दिवसांसाठी त्यांना बहिणीकडे, लेकीकडे पाठवा. यात कसला कमीपणा नाही. भिंतीत स्विचचे डबे उघडे असतात, म्हणून पाणी मारण्याआधी त्या खोलीचा एमसीबी (वीज बंद करायचा खटका) पाडायचा, हे पोरांसकट सगळ्यांना माहीत हवं. आणि स्लॅबवर साठवलेलं पाणी आठवडाभर तसंच ठेवू नका. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, डेंग्यू घरात कोणाला नको. दर तीन-चार दिवसांनी वाफे फोडून पाणी जाऊ द्यायचं आणि लगेच पुन्हा भरायचे.

तराई संपली की सगळं फिरवायचं. आता खिडक्या सताड उघड्या, पंखा चालू, आणि कुलर बंद. हे शेवटचं लोकांना पटत नाही. कुलर खोलीत पाणीच सोडत असतो. गवताच्या ताटीतून आलेली दमट हवा नव्या भिंतीतली ओल बाहेर निघू देत नाही, आणि बंद खोलीत तर मुळीच नाही. एप्रिल-मेमध्ये प्लास्टर केलेल्या घरात कुटुंब नव्या खोलीत झोपायला जातं, रात्रभर कुलर लावतं, आणि पावसाळ्यात रंगाचे पोपडे सुटले की रंगवाल्याला दोष देतं. रंगवाल्याची चूक नसते.

वाळायला किती दिवस? तराईनंतर निदान तीन-चार आठवडे, जाड प्लास्टरला त्याहून जास्त. या काळात भिंतीतलं जास्तीचं पाणी बाहेर येतं आणि येताना क्षार घेऊन येतं. वर पांढरी बुरशीसारखी भुकटी दिसते ती हीच. तिला ओल्या फडक्याने पुसू नका, कोरड्या ब्रशने झाडा. ओलं फडकं लावलं की क्षार पुन्हा आत जातात आणि पुन्हा वर येतात. भिंत वाळली की नाही हे तळहात लावून कळत नाही, कारण वरचा थर कोरडाच असतो. एक फूटभर जाड प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी आतल्या बाजूला दव दिसलं, किंवा तेवढी जागा गडद दिसली, तर रंग लावू नका. वीस रुपयांत होणारी ही परीक्षा मी कोणत्याही मिस्त्रीच्या शब्दापेक्षा वर धरते.

बाकीचे फरक छोटे आहेत. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी लावण्याआधी भिंत हलकी ओली करतात, कारण ती स्वतः सिमेंटच आहे. ॲक्रिलिक पुट्टीला कोरडी भिंत लागते. न्हाणीघरात वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी भरून ठेवतात ते गळती बघायला, त्याचा तराईशी संबंध नाही. महाल, इतवारीतल्या जुन्या वाड्यांची चुन्याची जुडाई, म्हणजे विटांचं बांधकाम, हा वेगळाच विषय आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन महिनोन्महिने घट्ट होत राहतो, आणि त्याच्यावर सिमेंटचं प्लास्टर थापू नये असं माझं ठाम मत आहे. ओल आत कोंडते आणि विटा पोखरतात.

सेंट्रिंगबद्दल, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या-बल्ल्यांच्या आधाराबद्दल, एकच सांगते, कारण घाई इथेही तीच. खालची खोली मोकळी हवी म्हणून बल्ल्या लवकर काढायला लावू नका. दोन आधारांमध्ये साडेचार मीटरपर्यंत अंतर असलेल्या स्लॅबखालचे टेकू 7 दिवस, त्याहून जास्त अंतर असेल तर 14 दिवस, हे ओपीसीसाठीचे किमान आकडे आहेत. राखमिश्रित सिमेंटला त्याहून जास्त ठेवा. स्लॅब वरून वाळलेला दिसतो, त्यावर पोरं खेळतात, पण एवढ्यावरून तो तयार झाला असं होत नाही.

मुळात उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत काम काढणं मला मान्यच नाही. पोरं मामाकडे गेली आहेत, पावसाच्या आत आटपायचं आहे, असा सगळे विचार करतात, आणि सिमेंटसाठी वर्षातला सर्वांत वाईट महिना निवडतात. त्यातच घराघरांत कुलरला पाणी, पिण्याला पाणी आणि तराईला पाणी, तिन्ही एकाच टाकीवर. दिवाळीनंतर सुरू करा. नोव्हेंबरच्या शेवटी प्लास्टर झालं तर डिसेंबरच्या मध्यापर्यंत तराई होते, कन्हानची रेती आणि चांगला मिस्त्री दोन्ही मिळतात, आणि थंडीची कोरडी हवा जानेवारीत भिंती बेताबेताने वाळवते. सिमेंट थंडीत थोडं हळू चालतं, तेवढे दोन दिवस जास्त धरा. फेब्रुवारीत रंग, होळीच्या आत घर लावून मोकळे, आणि कुलर बाहेर निघेपर्यंत भिंती कोरड्या.

घर लावतानाही नव्या भिंतीला लोखंडी कपाट टेकवू नका. पहिला पावसाळा जाईपर्यंत मागे चार बोटं जागा ठेवा. त्या फटीतून हवा खेळते, नाहीतर ऑगस्टमध्ये साड्यांना वास येतो आणि कपाटाच्या मागे काळे ठिपके पडतात.