वाळा घरी नेण्याआधी

माठात टाकायची वाळ्याची जुडी सगळ्यांना माहीत असते, पण ती मुळं ज्या गवताची, ते फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. आम्ही विकतो ते हे रोप त्याच गवताचं. अस्सल भारतीय गवत, वाढलं की छातीपर्यंत येतं आणि लांब पाती वाऱ्यावर छान डोलतात.

रोप हातात घेतलं की गिऱ्हाईक पान चुरगळून हुंगतं आणि विचारतं, "वास कुठाय?" पानाला वास असतो तो गवती चहाच्या. वाळ्याचा सगळा वास मुळात. पिशवीतून एक मूळ ओढून हातावर चोळून दाखवलं, की मग पटतं.

ठाण्यात पावसाळ्यात साधारण २५०० मिलिमीटर पाऊस, पुढे आठ महिने कोरडे. वाळा दोन्ही सोसतो. जमिनीत त्याची मुळं सरळ खाली ३ मीटरपर्यंत उतरतात, म्हणून आवारात लावलेला वाळा दुसऱ्या वर्षापासून फारसं पाणी मागत नाही. उतारावर ओळीने लावला तर मातीही धरून ठेवतो. कुंडीत मात्र मुळांना खाली जायला जागाच नसते. तिथे उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी पाणी घालावंच लागतं. 'कमी पाण्यात जगतो' म्हणून मे महिन्यात कुंडी तशीच सोडून गावी जाऊ नका.

आणि ऊन! बाल्कनीत पाच-सहा तास थेट ऊन येत नसेल, समोर नवा टॉवर उभा राहिला असेल, तर स्पष्ट सांगा. आम्ही दुसरं रोप सुचवू. सावलीत वाळा विरळ होतो, मग आडवा पडतो.

लावायला जून-जुलै उत्तम. कुंडीपेक्षा रंगाचा २० लिटरचा रिकामा डबा बरा. तळाला चार-पाच भोकं पाडा. लाल माती, वाळू आणि शेणखत समसमान घ्या. वाळू वगळू नका, नाहीतर पुढे मुळं मातीतून सुटत नाहीत. पहिला महिनाभर माती ओलसर ठेवा. पावसाआधी पाती वीतभर ठेवून कापा. कडा खरखरीत असतात, तेव्हा पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

दीड वर्षाने डबा उलटा करा. मुळं कापून घ्या, दोन-तीन फुटवे लगेच परत लावा. मुळं स्वच्छ धुऊन सावलीत वाळवा आणि दोऱ्याने जुडी बांधा. माठात टाकायची असेल तर डब्यात कीटकनाशक कधीच मारू नका. धुतल्याचं मातकट पाणी फुटव्यांनाच घाला.