पडद्यासाठी कापडाचा हिशेब

घरी शिवायच्या पडद्यांना किती मीटर कापड लागेल, हे खरेदीआधी मापावरून काढण्याची रीत. त्यासाठी तीन मापे लागतात: रॉडची लांबी, रॉडपासून खालपर्यंतची उंची आणि कापडाचा पन्हा, म्हणजे ताक्याची रुंदी. खिडकीच्या काचेचे माप यात येत नाही. काचेची रुंदी आणि उंची गुणून चौरस फूट काढले की कापड हमखास कमी पडते, कारण कापड क्षेत्रफळाने मिळत नाही. दुकानदार ताक्यावरून पूर्ण पन्हाच फाडतो. म्हणून आधी ‘किती पन्हे जोडायचे’ हे ठरवावे आणि मग त्या संख्येला एका पन्ह्याच्या लांबीने गुणावे.

पुण्यात पडद्याचे कापड घ्यायला लोक लक्ष्मी रस्त्यावर किंवा रविवार पेठेतल्या कापडगंजात जातात. खिडकी फुटांत सांगितली जाते, शिवणाऱ्याचा टेप इंचांत चालतो आणि कापड मीटरवर मिळते. 1956च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, तरी घरातली वडीलधारी माणसे अजून वारात बोलतात. वार म्हणजे 36 इंच, मीटर म्हणजे 39.37 इंच. आठ वार सांगितलेले कापड आठ मीटर घेतले तर 27 इंच जास्त येते आणि उलट झाले तर तेवढेच कमी पडते. सगळा हिशेब इंचांत करून अगदी शेवटी 39.37ने भागणे सर्वांत सुरक्षित.

रुंदी मोजताना रॉड खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच पुढे गेलेला असावा, म्हणजे पडदे सारल्यावर काच मोकळी राहते आणि उजेड अडत नाही. या लांबीला घेराने गुणायचे; घेर म्हणजे चुण्या पडाव्यात म्हणून रॉडच्या किती पट कापड घ्यायचे ते. जाड सुती कापडाला दीडपट ते दुप्पट घेर पुरतो. झिरझिरीत कापडाला दुप्पट ते अडीचपट हवा, नाहीतर पडदा ताणलेल्या चादरीसारखा दिसतो. आयलेटला (पडद्याच्या वरच्या पट्टीत बसवलेल्या कड्यांना) दीडपटीवर भागते, चुण्यांच्या पट्टीला मात्र दुप्पट लागतेच. उंचीत वरच्या पट्टीसाठी चार आणि खालच्या दुमडीसाठी पाच इंच मिळवावेत. खालची दुमड रुंद असली की पडद्याला वजन येते आणि तो सरळ पडतो. इथे काटकसर करू नये.

कोथरूड-बाणेरकडच्या फ्लॅटमध्ये नेहमी दिसणारी सहा फुटी सरकती खिडकी घेऊ. रॉड 84 इंच, पडद्याची तयार उंची 84 इंच, कापड 54 इंच पन्ह्याचे सुती. दुप्पट घेर म्हणजे 168 इंच. दोन पडद्यांच्या चार कडांना दीड-दीड इंच दुमड धरून 174. भागिले 54 केले की उत्तर सव्वातीनच्या जरा आत येते. नियमाप्रमाणे पुढचा पूर्ण आकडा धरणारा इथे चार पन्हे घेईल. पण तीन पन्ह्यांत कडा आणि जोडाची शिलाई वजा जाऊन 154 इंच उरतात, म्हणजे घेर 1.8 पट, आणि तो सुती कापडाला छान दिसतो. चार पन्ह्यांत घेर अडीचपटीच्या जवळ जातो. पडदा जड होतो आणि धुवायला त्रास. तीनच घ्यावेत. तिसरा पन्हा उभा मधोमध कापून अर्धा-अर्धा दोन्ही पडद्यांना जोडायचा आणि जोड भिंतीच्या बाजूला ठेवायचा. उंची 84 अधिक 9, म्हणजे 93 इंच. आटण्यासाठी तीन इंच धरून 96. तिप्पट केले की 288 इंच, म्हणजे 7.32 मीटर. दुकानात साडेसात मीटर सांगावे.

छापील कापडाला यापेक्षा जास्त लागते. नक्षी दर 25 इंचांनी पुन्हा येत असेल तर प्रत्येक पन्हा 25च्या पटीत न्यावा लागतो: 96चे 100 होतात, तीन पन्ह्यांना 300 इंच, म्हणजे 7.62 मीटर. ताक्यावरून फाडताना नक्षी मध्येच सुरू होते, म्हणून आठ मीटर घ्यावे. तसे केले नाही तर जोडावर फुले अर्धवट तुटतात, आणि ते रोज डोळ्यांना टोचते.

झिरझिरीत पॉलिएस्टर 110 इंच किंवा त्याहून मोठ्या पन्ह्यात मिळते. ते आडवे वापरता येते: पन्हा उंचीला जातो आणि मीटर रुंदीला. वरच्याच खिडकीला 93 इंच उंची 110मध्ये बसते, मग दुप्पट घेराला 174 इंच, म्हणजे साडेचार मीटर पुरते, जोडही नाही. नऊ फुटी पडद्याला मात्र 110च्या पन्ह्यात हा मार्ग बंद, कारण 108 अधिक 9 त्याच्या बाहेर जातात.

जुन्या साडीचे पडदे ही घरोघरची सोय. साडेपाच मीटरच्या सहावारीतून 93 इंची दोन तुकडे निघतात आणि पाऊण मीटर उरते, त्यात टायबॅक, म्हणजे पडदा बाजूला बांधायचे पट्टे, होतात. साडी उभी लावली की काठ पडद्याच्या दोन्ही कडांना येतात, त्यामुळे कडा दुमडाव्या लागत नाहीत. पदर खाली सोडल्यास उत्तम. साडीचा पन्हा साधारण 45 इंच, म्हणून दोन तुकडे चार फुटी रॉडला पावणेदोन-दुप्पट घेराने बसतात. त्याहून रुंद खिडकीला एका साडीत भागवू नये.

सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटते, 96 इंचांत तीन ते पाच इंच. ते कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करावे. पश्चिमेच्या खिडकीला एप्रिल-मेची उन्हे रंग उडवतात, तिथे अस्तर लावणे योग्य. अस्तराला पन्हे तेवढेच, फक्त लांबी तीन-चार इंच कमी. सगळे कापड एकाच ताक्यातून आणि एकाच वेळी घ्यावे. महिन्याभराने उरलेला मीटर आणायला गेले की त्याच नंबरच्या दुसऱ्या ताक्याचा रंग थोडा वेगळा निघतो, आणि उन्हात शेजारी-शेजारी लावल्यावर तो लगेच कळतो.