प्रोग्रॅमिंग भाषा : प्रारंभिक इतिहास

संगणकाने करावयाचे काम माणसाला लिहिता-वाचता येईल अशा ठरीव चिन्हांत मांडणे आणि त्या मांडणीचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर यंत्राकडूनच करवून घेणे, या पद्धतीचा सु. १९४५ ते १९६० या काळातील विकास. त्यानंतरच्या भाषांचा विचार या नोंदीत केलेला नाही.

पूर्वपीठिका : चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित वैश्लेषिक यंत्रावर मेनाब्रेआ यांनी १८४२ मध्ये फ्रेंचमध्ये लेख लिहिला. एडा लव्हलेस यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले व स्वतःच्या टिपा जोडून ते १८४३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील शेवटच्या टिपेत बर्नुली संख्या काढण्याची कृती तक्त्याच्या रूपात दिली आहे. यामुळे लव्हलेस यांना पहिल्या प्रोग्रॅमर म्हणण्याची प्रथा पडली. मात्र हा तक्ता क्रिया कोणत्या क्रमाने घडतील व कोणत्या चलाची किंमत केव्हा बदलेल हे दाखवतो. यंत्राला द्यावयाच्या आज्ञांची लेखनपद्धती तो घालून देत नाही. भाषांच्या इतिहासात त्याला पूर्वसूरीचे स्थान देणेच अधिक योग्य ठरते.

जर्मन अभियंते कोनराड त्सूझे यांची ‘प्लानकाल्क्यूल’ ही बहुधा पहिली उच्चस्तरीय (यंत्राच्या रचनेला बांधलेली नसलेली) भाषा होय. तिचे काम सु. १९४२ पासून चालू असावे. युद्धाच्या अखेरीस त्सूझे आपले झेड-४ हे यंत्र घेऊन बर्लिनहून बव्हेरियातील हिंटरश्टाइन येथे गेले आणि हस्तलिखिताला सु. १९४५ मध्ये रूप आले. भाषेचे मूलभूत एकक एक बिट (० किंवा १) होते आणि त्यापासून संख्या, रांगा व संमिश्र नोंदी रचता येत. एकच सूत्र अनेक ओळींत लिहिले जाई : वरच्या ओळीत सूत्र, खाली चलाचा क्रमांक, त्याखाली घटकाचा निर्देश आणि शेवटी त्याचा प्रकार. बुद्धिबळातील चाली तपासण्याच्या आज्ञावल्याही त्सूझे यांनी या भाषेत लिहून पाहिल्या. १९४८ च्या सुमारास एक छोटा लेख निघाला, पण संपूर्ण लेखन १९७२ मध्येच प्रसिद्ध झाले. त्यामुळे नंतरच्या भाषांवर तिचा थेट प्रभाव फारसा दाखवता येत नाही. तिचे मोल कमी होण्याचे मात्र काही कारण नाही. संमिश्र नोंदींसारखी तिच्यातील सोय नंतर आलेल्या फोर्ट्रान भाषेच्या पहिल्या रूपातही नव्हती.

यंत्रभाषेपासून असेंब्लीकडे : एनियाक या अमेरिकी यंत्राची आज्ञावली सुरुवातीला तारांची जोडणी व स्विचे बदलून बसवली जाई आणि त्यात कधी कधी दिवस जात. आज्ञा स्मृतीतच साठवण्याची कल्पना आल्यावर जोडणीचे श्रम गेले, पण आज्ञा अंकांतच लिहाव्या लागत. मध्ये एक आज्ञा घातली की पुढचे सगळे पत्ते सरकत व ते हाताने बदलावे लागत. चुकांचा मोठा भाग येथेच होई. लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयात कॅथलीन बूथ यांनी सु. १९४७ मध्ये आखलेली सांकेतिक लेखनपद्धती असेंब्ली भाषेच्या (अंकांऐवजी अक्षरचिन्हांत यंत्राज्ञा लिहिण्याच्या पद्धतीच्या) आरंभीच्या उदाहरणांत गणली जाते. केंब्रिजच्या एड्सॅक या यंत्रावर ६ मे १९४९ रोजी पहिली आज्ञावली चालली. तेथे बेरजेसाठी एक अक्षर, वजाबाकीसाठी दुसरे व पुढे दशमान पद्धतीतला पत्ता असे छिद्रित पट्टीवर टंकले जाई. डेव्हिड व्हीलर यांनी रचलेल्या अवघ्या ३१ प्रारंभिक आज्ञा पट्टी वाचता वाचताच तिचे द्विमान रूप करीत. उपआज्ञावल्यांचा (ठरावीक कामाच्या छोट्या आज्ञासंचांचा) संग्रह करून त्या पुन्हा पुन्हा वापरण्याची शिस्तही मुख्यतः याच प्रयोगशाळेने रुजवली.

पहिल्या कंपायलरचा प्रश्न : कंपायलर म्हणजे लिहिलेल्या आज्ञावलीचे चालवण्याआधीच यंत्रभाषेत रूपांतर करणारी आज्ञावली. पहिला कंपायलर कोणता, यावर अभ्यासकांत एकमत नाही. जॉन मॉक्ली यांच्या सूचनेवरून १९४९ मध्ये बायनॅक या यंत्रासाठी तयार झालेला ‘शॉर्ट कोड’ पुढे युनिव्हॅक या यंत्रावरही आला. त्यात बीजगणिती सूत्र आधी हातानेच दोन-दोन अंकी संकेतांत बदलावे लागे आणि प्रत्येक संकेत चालवतेवेळी वाचून अंमलात आणला जाई. तो इंटरप्रिटर होता. यंत्रभाषेच्या सुमारे पन्नास पट संथ. झुरिक येथे हाइन्ट्स रुटिसहाउसर यांनी १९४९ ते १९५१ या काळात सूत्रांचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीचा आराखडा मांडला, पण तो कागदावरच राहिला. तेथेच कोर्राडो ब्यॉम यांनी १९५१ च्या प्रबंधात कंपायलरचे वर्णन त्याच्याच भाषेत केले. तेही तेव्हा कोणत्या यंत्रावर चालले नाही.

ग्रेस हॉपर यांची ए-० ही प्रणाली १९५१-५२ मधील आहे आणि लोकप्रिय लेखनात पहिल्या कंपायलरचा मान बहुधा तिलाच मिळतो. फितीवरील उपआज्ञावल्यांचे क्रमांक व त्यांची चले द्यायची, म्हणजे यंत्र त्या शोधून एकापुढे एक मांडी व पत्ते भरी. सूत्राचे विश्लेषण तीत नव्हते. आजच्या मांडणीत हे काम लिंकर व लोडर (तुकडे जोडणाऱ्या व ते स्मृतीत चढवणाऱ्या आज्ञावल्या) यांच्याकडे जाते. मँचेस्टरच्या मार्क-१ यंत्रासाठी ॲलिक ग्लेनी यांनी १९५२ मध्ये केलेला ‘ऑटोकोड’ मात्र चिन्हांत लिहिलेल्या विधानांचे खरोखर यंत्राज्ञांत रूपांतर करी. क्नूथ व ट्रॅब पार्डो यांनी १९७० च्या दशकातील आपल्या सर्वेक्षणात पहिला खरा कंपायलर म्हणून ग्लेनी यांचाच निर्देश केला असून ते मत अधिक ग्राह्य वाटते. ग्लेनी यांची भाषा त्या यंत्राच्या रचनेला घट्ट बांधलेली होती आणि तिचा वापरही मर्यादित राहिला. आर. ए. ब्रूकर यांनी तेथेच १९५४ च्या सुमारास केलेली स्वतंत्र ऑटोकोड प्रणाली पुष्कळ अधिक वापरली गेली. ग्लेनी यांना मान दिल्याने हॉपर यांचे श्रेय घटत नाही : आज्ञावल्या लिहिण्याचे काम यंत्रावर सोपवावे, हे उद्योगजगताला पटवून देण्यात त्यांच्याइतके कोणीच झटले नाही.

गणितात लिहितात तशी सूत्रे थेट स्वीकारणारी पहिली चालती प्रणाली एमआयटीच्या व्हर्लविंड यंत्रावर लॅनिंग व झिअर्लर यांनी सु. १९५३-५४ मध्ये केली. फोर्ट्रानची कल्पना तिच्यावरूनच आली असे बराच काळ मानले जाई आणि खुद्द फोर्ट्रानचे जनक जॉन बॅकस यांचीही तशी समजूत होती. पुढे मे १९५४ मधील एक पत्र सापडले. व्हर्लविंडचे प्रात्यक्षिक पाहण्यापूर्वीच फोर्ट्रानचे काम सुरू झाले होते असे त्यावरून दिसते.

फोर्ट्रान : आयबीएममध्ये बॅकस यांनी १९५३ च्या अखेरीस हा प्रकल्प सुचवला. त्यामागील कारण यंत्राच्या रचनेत होते. आधीच्या यंत्रांवर चल-बिंदू गणित (दशांशचिन्हाची जागा बदलती असलेल्या संख्यांचे गणित) उपआज्ञावल्यांनी करावे लागे आणि बहुतेक वेळ त्यातच जाई. त्यामुळे इंटरप्रिटरचा संथपणा झाकला जात असे. आयबीएम ७०४ मध्ये चल-बिंदू गणित व तीन निर्देशांक-नोंदक (रांगेतील घटकाचा पत्ता काढण्यास मदत करणारे छोटे साठे) यंत्रातच आले आणि तो आडोसा नाहीसा झाला. आता कंपायलरने हाताने लिहिल्याइतक्याच वेगवान आज्ञा निर्माण केल्या तरच लोक तो वापरणार होते. म्हणून गटाने आपली सर्वाधिक शक्ती भाषेपेक्षा रूपांतराच्या गुणवत्तेवर खर्च केली. आज्ञावलीचा कोणता भाग किती वेळा चालेल याचा अंदाज यादृच्छिक चाचण्यांनी घेण्याचे काम लोइस हेब्ट यांच्याकडे होते आणि त्या अंदाजावरून नोंदकांची वाटणी करणारा विभाग शेल्डन बेस्ट यांनी लिहिला. एप्रिल १९५७ मध्ये कंपायलर ग्राहकांकडे पोहोचला. पुढच्याच वर्षी २६ ठिकाणच्या ७०४ यंत्रांची पाहणी झाली, तेव्हा निम्म्याहून अधिक ठिकाणी निम्म्याहून अधिक कामे फोर्ट्रानमध्ये होत असल्याचे आढळले. भाषेचे बाह्यरूप छिद्रपत्राने (आज्ञा छिद्रांच्या रूपात नोंदवण्याच्या कार्डाने) ठरवले : पहिले पाच स्तंभ विधानक्रमांकाला, सहावा मागील विधान पुढे चालू असल्याच्या खुणेला, सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंतचे विधानाला.

अल्गोल व व्याकरणाची मांडणी : मे-जून १९५८ मध्ये झुरिक येथे युरोपीय व अमेरिकी संघटनांचे प्रत्येकी चार प्रतिनिधी एकत्र आले आणि जानेवारी १९६० मध्ये पॅरिसच्या बैठकीत अल्गोल-६० चे रूप ठरले. विधानांचे खंड व स्वतःलाच बोलावणारी कार्यपद्धती ही तिची पुढच्या भाषांना मिळालेली देणगी. तिचे व्याकरण सांगण्यासाठी बॅकस यांनी १९५९ मध्ये मांडलेली व अहवालाचे संपादक पीटर नाउर यांनी सुधारलेली नियमपद्धती बॅकस-नाउर रूप म्हणून ओळखली जाते. १९६७ मध्ये पी. झेड. इंगरमन यांनी तिला ‘पाणिनी-बॅकस रूप’ म्हणावे असे सुचवले. साम्य खरे आहे : दोन्हीकडे भाषेबाहेरील सांकेतिक चिन्हे व एका घटकाच्या जागी दुसरा ठेवण्याचे नियम आहेत. पण पाणिनीच्या अष्टाध्यायीतील ‘इको यणचि’ हे सूत्र पुढे स्वर असला तरच इ, उ, ऋ, ऌ यांच्या जागी य, व, र, ल घालते, म्हणजे ते परिसरावर अवलंबून आहे. बॅकस यांच्या नियमांना अशी अट घालता येत नाही. अष्टाध्यायीची यंत्रणा या दृष्टीने अधिक समर्थ आहे. प्रभावाविषयी मात्र सावध राहावे लागते, कारण बॅकस यांनी स्वतः तर्कशास्त्रज्ञ एमिल पोस्ट यांच्या नियमपद्धतीचा निर्देश केला आहे.

इतर भाषा : व्यापारी कामासाठीची कोबोल मे १९५९ मध्ये पेंटागॉन येथे भरलेल्या बैठकीतून निघाली. तिच्यावर हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक या आधीच्या भाषेची छाप आहे, तथापि प्रत्यक्ष आखणी जीन सॅमेट आदींच्या समितीने केली. डिसेंबर १९६० मध्ये कोबोलमधील एकच आज्ञावली दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर जवळजवळ जशीच्या तशी चालवून दाखवण्यात आली. लिस्प ही भाषा जॉन मॅकार्थी यांनी एमआयटीत १९५८ पासून घडवली. लिस्पमधील राशींचे मूल्य काढणारे, तोवर कागदावरच असलेले फलन स्टीव्ह रसेल यांनी यंत्रभाषेत उतरवले आणि ती भाषा चालती झाली. सोव्हिएत संघात ल्यापुनोव्ह यांच्या विचारांवर आधारलेले प्रयत्न १९५४ पासून झाले. येर्शोव्ह यांचे बेस्म यंत्रासाठीचे काम त्यांत महत्त्वाचे आहे.

भारतात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ मध्ये एचईसी-२एम हे ब्रिटिश यंत्र आले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला व पुढे टिफ्रॅक या नावाने ओळखला गेला. कानपूरच्या आयआयटीत १९६३ मध्ये बसवलेल्या आयबीएम १६२० वर विद्यार्थ्यांना फोर्ट्रान शिकवले जाऊ लागले आणि १९६४ मध्ये मुंबईच्या संस्थेत आलेल्या सीडीसी ३६०० मुळे ती भाषा देशातील इतर संशोधकांपर्यंतही पोहोचली.