घरात स्किझोफ्रेनियाचा पेशंट आहे? साथ यायच्या आधी हे कागद करून ठेवा

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझ्या भावाच्या गोळ्या संपत आल्या आणि मेडिकलवाला म्हणाला, चिठ्ठी जुनी आहे, नवीन आणा. ओपीडी बंद, भाऊ दोन रात्री झोपलेला नाही, आणि फाइल कुठल्या कपाटात आहे ते फक्त आईला माहिती, ती गावाला अडकलेली. तेव्हा कळलं की औषधाइतकीच कागदांचीही तयारी लागते.

सगळ्यात सोपा आणि कोणीच न करणारा कागद म्हणजे नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात पेशंटला साथ देणारा माणूस, नेमणं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम १४ प्रमाणे १८ वर्षं पूर्ण झालेला कोणीही पेशंट साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा देऊन आपला माणूस नेमू शकतो, आणि त्या माणसाने डॉक्टरांकडे लेखी होकार द्यायचा. नाव नंतर बदलताही येतं. आणि प्रतिनिधी नेमला म्हणजे पेशंटला स्वतःचं कळत नाही असा अर्थ होत नाही, कायद्यातच तसं आहे, हे त्याला आधी नीट सांगा. तब्येत बरी असताना शांतपणे बसून त्यालाच विचारा, तुला कोण हवंय. भावाने माझं नाव घेतलं तेव्हा मला रडू आलं होतं.

दुसरं यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे, त्यामुळे स्किझोफ्रेनियासाठी अर्ज करता येतो. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर फॉर्म भरायचा, आधार, फोटो, सही किंवा अंगठा आणि पत्त्याचा पुरावा लागतो, मग हॉस्पिटलमध्ये तपासणी. तिथे स्वतःची काळजी, लोकांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम या चार गोष्टी बघतात, आजार किती वर्षं आहे तेही. घोळ इथेच होतो, कारण त्या दिवशी पेशंट नेमका व्यवस्थित बोलतो आणि दिव्यांगत्वाची टक्केवारी कमी लागते. म्हणून जुन्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड, अंघोळीला किती वेळा सांगावं लागतं, नोकरी कधी सुटली, सगळं तारखांसकट लिहून न्या. बऱ्याचशा सवलतींना ४० टक्के लागतात, केंद्राच्या दिव्यांग पेन्शनला मात्र ८०, शिवाय दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब. २०२० मध्ये ही पेन्शन चालू असलेल्यांनाच सरकारचे जादा १,००० रुपये मिळाले.

ऑनलाइन प्रिस्क्रिप्शनचं पण समजून घ्या. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार त्याच आजारासाठी त्याच डॉक्टरांना ६ महिन्यांच्या आत प्रत्यक्ष भेटलेले असाल तर फोन-व्हिडिओवरचं बोलणं फॉलोअप, म्हणजे जुन्याच उपचाराची पुढची भेट, धरतात आणि चिठ्ठीचा फोटोही चालतो. पेशंटऐवजी घरचं कोणी बोलणार असेल तर नातं दाखवणारा कागद किंवा पेशंटचं अधिकारपत्र विचारतात, म्हणून ते फाइलमध्ये लावूनच ठेवा आणि सगळ्याचे फोटो दोघांच्या तरी मोबाइलमध्ये असू द्या.

क्लोझापिन ही गोळी चालू असेल तर (तिने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात) रक्ताचे शेवटचे रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा, ताप किंवा घसा दुखला की साथीचाच ताप असेल म्हणून थांबू नका, डॉक्टरांना कळवून पांढऱ्या पेशी तपासा. ४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला तर जुना डोस परत एकदम द्यायचा नसतो, आधी डॉक्टरांना फोन. डॉक्टर मिळत नसतील तर टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, रात्रीही उचलतात.